चुकून लागलेला बदाम

माझ्या थोरल्या बहिणीशी मी नऊ वर्षं बोलत नव्हते. हा नऊ वर्षांचा अबोला एका ॲपवाल्यांनी एका सकाळी माझ्याच बोटाने मोडून टाकला. वाटोळं होवो मेल्यांचं, असं मी त्या सकाळी म्हटलं होतं, आणि त्यातलं फारसं काही मी आजही मागे घेणार नाही.

आमच्या घराण्यात अबोला म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे, त्याला कायदा आहे. समोर आलं तर नजर भिंतीवर. निरोप तिसऱ्याच्या तोंडून. लग्नाकार्यात एकमेकांकडे पाठ करून बसायचं. आणि जो आधी बोलेल, चूक त्याचीच होती असं सगळ्यांनी धरायचं. माझ्या मामाचा आणि त्याच्या चुलतभावाचा बांधावरून अबोला होता, चांगला चौदा वर्षांचा. मावळातलं गाव, घराला घर लागून. एकदा तो चुलतभाऊ विहिरीत घसरला आणि मामा वरून ओरडला, "धर दोर!" माणूस वाचला. पण ते दोन शब्द मामाला आजही ऐकून घ्यावे लागतात, कारण आधी तो बोलला. तेव्हापासून अबोल्याच्या भानगडीत आमच्याकडे मामाचाच निवाडा चालतो.

ताईचं आणि माझं बिनसलं ते आई गेली त्या दिवशी. आई तेव्हा ताईकडे असायची, आकुर्डीला. मी काळेवाडीत राहते, नोकरी चाकणला. गाडीच्या आत वायरींची जी जाडजूड जुडी असते, ती जुळवायचा आमचा कारखाना. लाइनवर सगळ्या बायकाच. फोन आत नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. घरी काही झालंच तर टाइम ऑफिसला फोन करायचा, तिथला क्लार्क चिठ्ठी लिहून लाइनवर पाठवतो. तो नंबर आमच्या प्रत्येकीच्या घरी फ्रिजवर चिकटवलेला असतो. ताईच्याही होता.

मे महिना, माझी पहिली शिफ्ट. साडेतीनला सुटले, लॉकर उघडला, तर फोनवर मिसकॉलची ही रांग. आकुर्डीला पोचले तेव्हा बायका घर धूत होत्या. ऊन फार, ठेवता येईना, म्हणून मामाने एकच्या सुमारास उचलायला लावलं होतं. आईचं तोंड मला बघायला मिळालं नाही. तिच्या तोंडात पाणी घालायला मी नव्हते.

तेराव्याला, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, मी भर मांडवात ताईला विचारलं, "कंपनीत एक फोन करायला काय झालं होतं तुला? बोटं झडली होती?" ताईने तोंड उघडलं. मग मिटलं. सगळ्यांनी बघितलं ते. मी म्हटलं, बघा, बोलायला तोंड आहे का हिला! आणि तिथेच जाहीर केलं, की 'चुकलं माझं' असं ही चारचौघांत म्हणेल तेव्हाच मी हिच्याशी बोलेन. ताई उठून भांडी आवरायला गेली. त्या दिवसापासून सुरू.

नऊ वर्षं मी तो राग नीट सांभाळला. राग असाच टिकत नाही, त्याला रोज काहीतरी घालावं लागतं. ताई पुढे ताथवड्याला नव्या फ्लॅटमध्ये गेली, वास्तुशांतीला मी गेले नाही. पण फोटो सगळे बघितले. तिचं त्या ॲपवरचं खातं उघडंच असतं, कोणीही बघावं. मी सकाळी सहाच्या कंपनीच्या बसमध्ये बसले, की पहिलं तिचं पान उघडायची. तिच्या बाल्कनीतली जास्वंद वाळली, त्या दिवशी मला डबा गोड लागला. तिच्या मुलाने इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं, तेव्हा मी मैत्रिणींना चहा पाजला, कशाबद्दल ते न सांगता. तिचे केस पांढरे व्हायला लागले ते मी तिच्या नवऱ्याच्याही आधी बघितलं असेल. वाईट आहे हे, मला कळतं. पण खोटं कशाला लिहू? मजा यायची.

आणि मग ॲप बदललं.

एका सोमवारी बसमध्ये बसले, फोन उघडला, तर सगळं घरच कोणीतरी हलवून ठेवलेलं. रंग वेगळे, अक्षरं मुंगीएवढी, खालची बटणं वर, वरची गायब. मी त्याकडे फार लक्ष दिलं नाही, मला काय, मला एकच पान बघायचं असतं. ताईने त्या दिवशी नवीन काही टाकलं नव्हतं, म्हणून मी जुन्या फोटोंत गेले. सहा वर्षांपूर्वीचा एक फोटो, तुळशीच्या लग्नाचा. ताईच्या अंगावर आईची हिरवी इरकली साडी. ती साडी मला हवी होती आणि मी मागितली नव्हती, कारण मागायला बोलावं लागतं. काठाशी काहीतरी शिवल्यासारखं दिसत होतं. म्हटलं, फाडली वाटतं हिने. बघावं जरा मोठं करून. फोटोवर दोनदा टॅप केलं, की तो मोठा व्हायचा. वर्षानुवर्षं व्हायचा.

त्या दिवशी फोटो मोठा झाला नाही. मधोमध एक लालभडक बदाम उगवला, टम्म फुगला, थरथरला, आणि फोटोखाली जाऊन बसला. शेजारी माझं नाव.

ताईचा सहा वर्षांपूर्वीचा फोटो मला 'आवडला' होता. पहाटे सहा वाजता. बदामासकट.

काढायला गेले तर काढायचं बटण कुठे आहे ते सापडेना. तोवर निगडी गेली, बस हायवेला लागली, आणि मावसबहिणीचा फोन आला. आमच्या अख्ख्या गोतावळ्याची बातमी आधी तिच्याकडे पोचते.

"बोललीस की गं शेवटी!" ती म्हणाली.

"कोण बोललं? चुकून लागलं ते."

"चुकून? सहा वर्षं खाली जाऊन चुकून?"

मी फोन कट केला.

पहिल्या चहाच्या सुट्टीपर्यंत ही बातमी मावळात पोचली असणार, कारण संध्याकाळी घरी आले तर मामाचाच फोन. म्हातारा खूश होता.

"बरं झालं पोरी. आता मिटलं."

"मामा, मी बोलले नाहीये. नुसता बदाम आहे तो."

"मंग? मानूस हात हालवतो, त्ये बोलनं न्हाई व्हय? मुंडी हालवतो, त्ये न्हाई? बदाम म्हंजी तर वर आनि मायाच झाली की."

"अहो, त्या ॲपवाल्यांनी बटणं बदलली!"

"म्या बी दोरच म्हनलो व्हतो," मामा म्हणाला. "कुनी ऐकलं का माझं? न्हाई. मंग तुझं बी न्हाई ऐकायचं."

निवाडा झाला. नऊ वर्षांनी, काही चूक नसताना, मी हरले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्यातून महिन्याभरावर ताईच्या मुलीचं लग्न आलेलं. मी ठरवून ठेवलं होतं, मावशी म्हणून माझ्या नावचा पाट हळदीला रिकामा राहील आणि आल्यागेल्याला ताईला त्याचं उत्तर द्यावं लागेल. तो पाट माझं हत्यार होतं. आता लोक म्हणणार, बदाम पाठवला म्हणजे येणारच की ती.

शुक्रवारी बसमध्ये कळलं, की मारली गेलेली मी एकटीच नाही. मेंटेनन्सचा एक जण डोकं धरून बसला होता. "राव, सासरेबुवांच्या श्रद्धांजलीच्या फोटोखाली माझ्याकडून हसणारा चेहरा गेलाय. आधी तिथे हात जोडलेले असायचे. बायकोने दोन दिवस डबा दिला नाही." लातूरकडची आमची एक जण नुसती हळहळत होती, "काय करून ठिवलंय गं बाई ह्यांनी, लेकराचे बारशाचे फोटो सापडंनात." एकीच्या नणंदेला बाळ झालेलं तिला चार दिवसांनी दिसलं, कारण आता ताजं वर येत नाही, ॲपच्या मनात येईल ते येतं. नणंद म्हणते, मुद्दामच केलंस. एकाने सकाळी दाढी करताना फोन बेसिनवर ठेवला आणि त्याची ती दाढी गावच्या तीस-चाळीस लोकांनी थेट बघितली. बसमध्ये हसून हसून मुरकुंड्या. मी हसले नाही. प्रत्येकाच्या घरी कुठेतरी आग लावून तो ॲपवाला थंड हवेच्या ऑफिसात कॉफी पीत बसला असेल, हेच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं.

मला जास्त राग कशाचा आला, सांगते. आमच्या लाइनवर साध्या कनेक्टरचा डबा उजवीकडून डावीकडे ठेवायचा झाला, तरी आधी पिवळी पाटी लागते: बदल झाला आहे. प्रत्येक बाईला उभं करून दाखवतात, तिची सही घेतात, पहिल्या दिवशी तिच्या मालाची वेगळी तपासणी होते. कारण बोटांना सवय असते. डोळ्यांच्या आधी बोटं जातात, आणि वायर नको त्या भोकात बसते. हे बारावी नापास बायकांना कळतं. आणि लाखो लोकांच्या बोटाखालचं बटण हलवताना त्या शहाण्यांना एक पाटी लावावीशी वाटली नाही?

मी पेटले. सुट्टीत कँटीनमध्ये टेबलावर उभी राहिले नाही एवढंच. "सगळ्यांनी एक-एक स्टार द्यायचा," म्हटलं. "आणि नुसता स्टार नाही, खाली लिहायचं, काय नुकसान झालं ते." पहिल्या शिफ्टच्या बायकांनी दिले, दुसऱ्या शिफ्टच्या बायकांना गेटवर गाठून द्यायला लावले. मेंटेनन्सवाल्याने सासऱ्यांची गोष्ट इतकी मन लावून लिहिली, की ती वाचून अनोळखी लोक त्याचं सांत्वन करत होते. मी स्वतः कंपनीच्या पद्धतीने तक्रार लिहिली: दोष काय, कुठे आढळला, आधीची स्थिती, नंतरची स्थिती. शेवटी लिहिलं, 'ज्याने हे केलं त्याला एक शिफ्ट माझ्या लाइनवर पाठवा. त्याचे डबे मी दर तासाला हलवीन.' उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल मनापासून धन्यवाद!' आणि पुढे एक बदाम. बदाम! फोन भिंतीवर आपटणार होते, हप्ते चालू होते म्हणून वाचला.

आमच्या कारखान्यात आणखी एक पद्धत आहे, व्हाय-व्हाय. चूक झाली, की कागद घ्यायचा आणि पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्याला खरं कारण हाती लागतं म्हणतात. नऊ वर्षांत मी इतरांकडून शेकड्यांनी असे कागद लिहून घेतलेत. म्हटलं, तक्रारीला हेही जोडावं. म्हणून एका संध्याकाळी वहीचं पान घेऊन बसले. बदाम का गेला? फोटोवर दोनदा टॅप केलं म्हणून. का केलं? साडीचा काठ मोठा करून बघायला. काठ का बघायचा होता? ताईने आईची साडी फाडली का ते कळायला. फाडली असती तर तुला ते का हवं होतं? लिहिलं: तिला बोल लावायला आणखी एक कारण मिळालं असतं. राहिलं पाचवं. आणखी कारण कशाला हवं होतं, पहिलं पुरत नव्हतं का?

तिथे मी पेनला टोपण घातलं आणि पान फाडून टाकलं.

ताईकडून मात्र काहीच नाही. दिवस जातायत, माझा बदाम तिच्या फोटोखाली बसलाय, आणि ही गप्प. मावसबहीण रोज विचारायची, "आला का काही निरोप?" माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. बदाम काढायचा, पण नुसता नाही. ज्या दिवशी हे ॲपवाले गुडघे टेकतील, त्या दिवशी फोटोखाली, सगळ्यांना दिसेल असं, एकच वाक्य लिहायचं: 'ॲप बदलल्यामुळे चुकून लागला होता. कोणीही गैरसमज करून घेऊ नये.' बास. ना नाव, ना गाव. मामाला वाचून दाखवायची सोय मावसबहीण करेलच. ताईला आधी वाटू दे, की बहीण परत आली, लग्नघरात चार जणांना सांगू दे, आणि मग हे वाक्य. ते मी फोनमध्ये लिहून ठेवलं होतं. आधी 'कृपया' होतं त्यात, ते काढलं. रोज बसमध्ये ताईच्या पानाऐवजी मी ते वाक्य वाचायची.

आणि टेकले हो गुडघे त्यांनी! दोन-तीन आठवडे झाले असतील. गुरुवार होता, आमचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. दुपारी धुणं वाळत घालून आत आले, तर बसच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ. ॲपवाल्यांनी जाहीर केलं होतं, 'आम्ही तुमचं ऐकलं.' दोनदा टॅप केलं, की परत फोटो मोठा होणार होता. हात जोडलेले परत आले. ताजं वर आलं. आता ते काही आमच्या पन्नास-साठ स्टारनी झालं नसणार, सगळीकडूनच शिव्या बसल्या असतील त्यांना. पण लातूरवालीने लिहिलं, 'मॅडमनी कंपनी हालवली!' आणि खरं सांगते, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. नवरा सेकंड शिफ्टला गेलेला, घरात मी एकटी. चहा केला, खुर्ची खिडकीशी ओढली. आज एकाची जिरवली होती, आता दुसरीची जिरवायची.

ताईचं पान उघडलं. तुळशीच्या लग्नाचा फोटो शोधून काढला. दोनदा टॅप केलं. फोटो गुणी बाळासारखा मोठा झाला. आणि मला काठ दिसला. फाटला नव्हता. फॉल नव्याने लावला होता, बारीक हातटाक्यांनी, आई लावायची तसा.

असू दे, म्हटलं. खाली गेले, वाक्य चिकटवायला.

तर तिथे आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. ताईने. त्याच सकाळी. सगळ्या गोतावळ्याला दिसेल असं, उघड्यावर.

'चुकलं माझं.'

एवढंच. मी दोनदा वाचलं. खाली मावसबहिणीने लगेच हात जोडले होते. तेवढ्यात तिचा फोनही आला. "जिंकलीस गं बाई! लिहून दिलं तिने! मामा रडायला लागला म्हणे." मी हो-हो म्हटलं आणि फोन ठेवला. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि मला आनंद झाला. हो, झाला. चांगला कचकचीत आनंद झाला. चहाचा घोट घेतला आणि मग बघितलं, की एक निरोप वेगळा आलाय, फक्त मला. तोही ताईचाच.

'बदाम दिसला. काय लिहू ते इतके दिवस सुचेना. टाइम ऑफिसच्या माणसाला मी तिन्ही वेळा आईची तब्येत जास्त आहे, पाठवून द्या, असंच म्हणाले. गेली हा शब्द तोंडातून निघेना. तो सरळ म्हटला असता तर तू पोचली असतीस. हे माझं चुकलंच. हळदीला ये.'

तीन वेळा.

आता मला जे लिहायचंय ते मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. ताईने फोन केलाच नाही, असं मी नऊ वर्षं सांगत आले, आणि तिने तो केला होता, हे मला त्याच दिवशी साडेतीन वाजता माहीत होतं.

आई आजारी होती त्या महिन्यात ताई रोज टाइम ऑफिसला फोन करायची. आई जेवत नाही. आई तुझं नाव काढते. येऊन जा. चिठ्ठी आली, की माझं काम थांबायचं, माझं थांबलं की पुढच्या अकरा जणींचं थांबायचं, आणि सुपरवायझर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "यांच्या आईसाठी वेगळी लाइन टाकायची का आता?" लाइन लीडरसाठी माझं नाव निघायचं होतं. एक दिवस मी गेटवर त्या क्लार्कला सांगितलं, "बहिणीचा फोन आला तर आत चिठ्ठी पाठवू नका. सुटताना द्या. रोजचंच आहे तिचं."

त्याने ऐकलं. त्या दिवशी सुटताना त्याने माझ्या हातात तीन चिठ्ठ्या ठेवल्या, एकात एक घडी घातलेल्या. तिन्हींवर एकच: 'आईची तब्येत जास्त आहे, लगेच पाठवणे.' आपल्याकडे 'गेली' असं फोनवर कोणी सांगत नाही. माणूस वाटेत कोसळेल म्हणून 'तब्येत जास्त आहे, लगेच ये' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं. मला वाचताक्षणी कळलं. त्या क्लार्कलाही एरवी कळलं असतं. पण त्याला मीच सांगून ठेवलं होतं ना, रोजचंच आहे. बसस्टॉपवर मी त्या चिठ्ठ्या फाडल्या, वेफर्सच्या रिकाम्या पाकिटात भरल्या आणि पाकीट टाकून दिलं. आकुर्डीला पोचेपर्यंत माझी गोष्ट तयार होती. पुढे मी लाइन लीडर झालेही.

वहीतलं पाचवं उत्तर हे होतं.

चहा गार झाला. मी ते चिकटवायचं वाक्य पुसलं, आणि ताईला फोन लावला. नंबर तोच होता, नऊ वर्षं पाठ.

"हॅलो," ती म्हणाली. मागे लग्नघरातला गोंधळ, कोणीतरी हरभऱ्याची डाळ कुठे ठेवली ते विचारत होतं.

मी एका दमात बोलले. नाहीतर बोलले नसते. "ताई, तुझे फोन आले होते. तिन्ही चिठ्ठ्या मिळाल्या मला, पण सुटल्यावर. आत पाठवू नका म्हणून मीच त्याला सांगून ठेवलं होतं. तुझं काही चुकलं नाही."

ती चालत कुठेतरी आत गेली असावी, गोंधळ कमी झाला.

"माहितीय मला," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

"तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तो माणूस वैतागून म्हणाला, मॅडमनीच सांगितलंय, तुमचे फोन रोजचेच असतात."

नऊ वर्षं. मुंजींना, बारशांना, मावसबहिणीच्या लग्नात माझ्याकडे पाठ करून बसताना, सगळ्या गोतावळ्याचे टोमणे खाताना हिला हे माहीत होतं. एक वाक्य बोलली असती, तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते वाक्य हिने खिशात ठेवून दिलं. मला त्या क्षणी तिचा जेवढा राग आला, तेवढा आख्ख्या नऊ वर्षांत आला नव्हता.

"मग तेराव्याला का नाही बोललीस?" मी जवळजवळ ओरडलेच. "भर मांडवात मी तुला एवढं घालून पाडून बोलले, तेव्हा तोंड उघडून मिटलंस का?"

"आई गेली होती. तुला धड उभं राहता येत नव्हतं. त्यात हे कुठे सांगू चारचौघांत?"

"आणि नंतर? नंतर तरी मला एकटीला सांगायचंस!"

"सांगणार कशी?" ताई म्हणाली. "तू बोलतच नव्हतीस."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक.

"थांब हं, गॅस बंद करून येते," ती म्हणाली, आणि फोन तसाच ठेवून गेली. मी कानाला लावून थांबले.